चौदा मिनिटांचं मिठागर

कल्पिता भोईर तीन महिने आमच्याकडे वारावर होती, असं मी सांगितलं की लोक आधी हसतात. "वारावर? आजच्या काळात? जेवायला?" जेवायला नाही हो, गाणं करायला. आणि हसू नका, कारण पुढे जे झालं ते आठवलं की माझ्या अजून तळपायाची आग मस्तकात जाते. मी, नीला पेडणेकर, तापट आहे हे आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत आहे. पण हा राग उगाचचा नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

डोंबिवली पूर्वेला आमचा महिला वृंद आहे, एकवीस वर्षांचा. सव्वीस बायका, तीन गट: वरचा आवाज, मधला आणि खालचा. मी खालच्यात, कारण माझा आवाज पहिल्यापासून भरडा. एकवीस वर्षं आम्ही तीच तीस-चाळीस गाणी आलटून पालटून म्हणतोय. आमच्या नवऱ्यांनाही ती पाठ झाली आहेत. लोक टाळ्या वाजवतात, कारण पुढची ओळ त्यांना आधीच ठाऊक असते.

गेल्या वर्षी मीटिंगमध्ये संचिताने विषय काढला. संचिता आमच्यातली सगळ्यात लहान, ठाण्याला कंपनीत नोकरीला. ती म्हणाली, "परदेशात गाणारे ग्रुप काही महिने एक संगीतकार आपल्यात ठेवून घेतात. तो यांचे आवाज ओळखतो आणि फक्त यांच्यासाठी नवीन गाणं करतो. आपण का नाही करायचं?" आमचे अध्यक्ष सुदेश सर लगेच खुर्चीत पुढे सरकले. हो, महिला वृंदाचा अध्यक्ष पुरुष आहे. कसा ते विचारू नका, त्यांच्या हॉलवाल्यांशी ओळखी आहेत एवढंच खरं. "निवासी संगीतकार! डोंबिवलीत प्रथमच!" त्यांना गाणं दिसलं नव्हतं, पेपरातली बातमी दिसली होती. त्यांनी सुचवलेल्या दोन नामवंत गृहस्थांनी फोनच उचलले नाहीत. मग संचिताने तिच्या भाचीच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंचं नाव घेतलं. ती कल्पिता.

कल्पिता त्रेचाळीस वर्षांची. माहेर ठाण्याचं, कोपरीतलं जुनं आगरी घर. तिची आजी, म्हणजे आईची आई, मिठागरात राबलेली. आई कमळाबाई लग्नात धवले गाते, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात विधी करताना बायका म्हणतात ती गाणी. घरात एवढं गाणं, पण गावच्या भजनी मंडळाच्या पेटीला पोरींनी हात लावायचा नाही. ही नऊ वर्षांची असताना देवळाच्या पायरीवर बसून बुवांची बोटं बघायची आणि घरी येऊन पाटावर खडूने पट्ट्या काढून तशी बोटं फिरवायची. खरी पेटी हाताला लागली ती पंधराव्या वर्षी, तीसुद्धा बुवा आजारी पडले आणि दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं म्हणून.

लग्न होऊन ती विठ्ठलवाडीला गेली. दोन खोल्या, सासू, नवरा वर्कशॉपमध्ये, दोन मुलं. चौदा वर्षं एका शाळेत कंत्राटावर गाणं शिकवते. दर गॅदरिंगला नवीन चाली बांधते आणि दर गॅदरिंगला माईकवरून सांगतात, "मुख्याध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली बसवलेलं गीत." चौदा वर्षं! त्या मुख्याध्यापकांना सा कुठे लागतो हे विचारा. मी हे तिला म्हटलं तर ती म्हणते, "जाऊ दे ना काकू, पोरं छान गायली." अशी बाई. माझ्यासारखीने तर शाळेचा फळा उखडला असता.

आम्ही तिला विचारलं, तुला काय लागेल? ती म्हणाली, "दार लागणारी एक खोली. शाळेतून तीन महिने बिनपगारी सुट्टी घेते, रोज अकरा ते चार. आणि पेटी." बास. आजवरच्या तिच्या सगळ्या चाली मधल्या सुट्टीच्या गोंगाटात नाहीतर कपडे धुताना झालेल्या. पण वृंदाकडे कुठली खोली? आमची एकत्र तालीम होते ती एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, तेही लग्न नसेल तेव्हा. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात वार आले. माझे सासरे साताऱ्याला वारावर जेवून शिकले, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. म्हटलं, जेवायला वार लावत तसे गाण्यासाठी लावू. सोमवार माझ्याच गटातल्या रसिकाकडे, मंगळवार संचिताकडे, असं करत गुरुवार माझ्याकडे. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मीही फुगले.

आता आमची चूक ऐका. ही चूक फक्त आम्हीच करू शकतो.

पहिल्या गुरुवारी ती अकराला आली. मी तिला आतली खोली दिली, पंखा लावला, दार ओढून घेतलं. सव्वाअकराला चहा घेऊन गेले. पावणेबाराला शिरा. साडेबाराला, "भेंडी खातेस ना गं? की वांगं करू?" एकला ताट, आणि ताटाबरोबर मी, कारण पाहुणीला एकटीला जेवायला कसं बसवायचं? माझ्या सुनेची सगळी कहाणी तिला सांगून झाली. अडीचला, "मी बँकेत जाऊन येते, गॅसवाला आला तर सिलिंडर घेशील?" चारला ती हसत चप्पल घालून निघाली आणि मी ह्यांना म्हटलं, किती गुणी मुलगी आहे.

आणि हे सातही घरी चालू होतं! रसिकाने नातवाला तिच्यापुढे बसवलं, "जरा याचे सूर बघ ना." एकीने तिला साडीचा पदर पसंत करायला कपाटापुढे उभं केलं. संचिता कामावर जायची, तर तिच्या सासूबाई दार उघडं ठेवून समोर बसायच्या, एकटीला कंटाळा येईल म्हणून. पाच आठवडे गेले आणि कल्पिताच्या वहीत चार ओळी.

सहाव्या गुरुवारी मी कोथिंबीर वडी घेऊन आत गेले. पेटी बंद होती. पेटीवर दोन्ही हात ठेवून ती नुसती बसलेली.

"काय गं, बरं नाही का?"

"काकू, रागावणार नाही ना?" ती म्हणाली. "तुम्ही सगळ्या एवढं करता माझं. पण मी पाहुणी नाहीये. मी कामाला आलेली आहे."

वड्यांची बशी मी मागे घेतली. लाज वाटली हो. जन्मभर मी घरातल्यांवर ओरडत आले की मला दहा मिनिटं निवांत बसू देत नाहीत, आणि मीच तिच्या दारावर तासाला चार टकटक. बाहेर येऊन ग्रुपवर लिहिलं: "कल्पिता आत असताना जी कोणी दार वाजवेल तिची माझ्याशी गाठ आहे. जेवण झाकून टेबलावर ठेवा आणि घराबाहेर चालत्या व्हा." दोघी-तिघींनी तोंडं फुगवली. फुगवू देत. त्यानंतर सात आठवड्यांत तिने गाणं पूर्ण केलं.

गाण्याचं नाव 'मिठागर'. चौदा मिनिटांचं, चार भागांचं. शब्दही तिचेच, आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींतून उचललेले. पहिल्या भागात भरतीचं पाणी आगरात घेतात. दुसऱ्यात पाणी उन्हात थांबून राहतं. तिसऱ्यात मीठ धरतं. तिथे वरच्या आवाजाला अशा बारीक बारीक जागा दिल्या होत्या की पहिल्यांदा ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आणि चौथ्यात बायका टोपल्या उचलून एकेक करून निघून जातात. म्हणजे एकेक आवाज गळत जातो आणि शेवटी फक्त आम्ही, खालच्या आवाजवाल्या, एकाच सुरावर उरतो. एकवीस वर्षं आम्हाला फक्त मागे हूं हूं करायला ठेवलेलं. शेवट आमच्या हातात देणारी ही पहिली. मी मंडईत भाजी घेतानाही तो सूर धरून बघायचे.

पण आमची बसवायची पद्धत अशी की तिन्ही गट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घरी तालीम करतात. कल्पिता प्रत्येक गटाला ज्याचा त्याचा भाग फोनवर गाऊन पाठवायची. सगळ्या एकत्र येतात त्या फक्त शेवटच्या दोन तालमींना. गाणं करणारीला ते कानांनी पुरं ऐकायला मिळतं तेही तेव्हाच. पहिल्या तालमीत तिसऱ्या भागापर्यंत पोचलो आणि कार्यालय रिकामं करायची वेळ झाली. दुसऱ्या तालमीत सुदेश सर आले आणि त्यांनी गाण्याची नाही, सत्काराची तालीम घेतली. शाल कोण देणार, ताम्हन कोण धरणार, कोण डावीकडून येणार. पाऊण तास! कल्पिता वही मिटून भिंतीशी उभी होती. मला म्हणाली, "चौथा भाग कसा वाजतो ते मला अजून माहीतच नाही, काकू. डोक्यात वाजतो. पण डोक्यात काय, सगळंच चांगलं वाजतं."

"कार्यक्रमात ऐकशील," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

कार्यक्रम रविवारी सकाळी, दहा ते एक. एकच्या ठोक्याला दुपारच्या नाटकाचा सेट आत येणार होता. 'मिठागर' शेवटी, खास आकर्षण. कोपरीहून कमळाबाई आलेल्या, गल्लीतल्या अकरा बायकांना घेऊन, सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून. कमळाबाईंच्या आईचं गाणं होणार होतं ना.

पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा. दीपप्रज्वलनाला वाती पेटेनात. मग सत्कार. प्रमुख पाहुण्यांचा, त्यांच्या सौभाग्यवतींचा, जाहिरात देणाऱ्यांचा, साउंडवाल्याचा, आणि ज्यांच्या ओळखीने हॉल मिळाला त्यांच्या मेहुण्याचा! मी मोजले, सतरा. मधे आम्ही आपली चार जुनी गाणी म्हटली. पावणेएकला सुदेश सर माईकवर आले. मला वाटलं, आता गाणं. तर म्हणे, आता आपल्या निवासी संगीतकार सौ. कल्पिताताईंचा सत्कार! शाल आली, नारळ आला, गुलाबाचं रोप आलं. आणि भाषण. "एक साधी गृहिणी असूनही..." अहो, ती शिक्षिका आहे! चौदा वर्षं नोकरी करते! "घरचं सगळं सांभाळून, फावल्या वेळात..." फावला वेळ? तिला फावला वेळ मिळावा म्हणून सात घरं तीन महिने झटत होती. बारा मिनिटं ते बोलले. माझ्या शेजारी रसिका घड्याळ बघत होती.

आणि मग, हसत हसत, "वेळेअभावी आपण नव्या गाण्याची फक्त एक झलक ऐकूया."

कल्पिता आमच्याकडे तोंड करून उभी. तिचा चेहरा फक्त आम्हाला दिसत होता. तिने नारळ खाली ठेवला, रोप ठेवलं, शाल काढून त्यावर ठेवली आणि हात वर केले. पहिला भाग आम्ही म्हटला. खरं सांगते, इतकं सुरात आम्ही कधी गायलो नव्हतो. भरती वर चढली आणि थांबली. दुसऱ्या भागासाठी तिचा हात अर्धा उचललेला होता, तेवढ्यात माईकवरून, "वा वा! जोरदार टाळ्या!" आणि पडदा.

तिचा हात तसाच वर होता. आणि आम्ही? सव्वीस बायका उभ्या होतो की तिथे! एकीने तरी तोंड उघडावं? एवढी मी तापट, वॉचमन मला घाबरतो, आणि मी त्या पडद्यामागे गप्प उभी राहिले. एकवीस वर्षं गायला तोंड उघडतोय आम्ही, बोलायला उघडत नाही. सुदेश सरांचा राग येतोच, पण त्या दिवशीचा सगळ्यात मोठा राग माझा मलाच आहे.

बाहेर जिन्यावर कमळाबाई भेटल्या. मला विचारतात, "गाना सपला? आईचा मीठ तं आलाच नय." मी काय सांगू त्यांना? की आगरात पाणी घेतलं आणि तेवढ्यात मेहुण्याच्या सत्काराने वेळ खाल्ला? कल्पिता मागे उभी होती. आईला म्हणाली, "पुढच्या टायमाला, आये." आवाज एकदम साधा. तो साधा आवाज ऐकून मात्र मला रडू आलं.

घरी आल्यावर मी जेवले नाही. ग्रुपवर लिहिलं: "गुरुवारी अकरा वाजता माझ्या घरी. 'मिठागर' पूर्ण. जिला लाज आहे तिने यावं." एकोणीस जणी आल्या. संचिता रजा टाकून आली. तिन्ही गटांतल्या पुरेशा होत्या. सोफा गॅलरीत टाकला, ह्यांना मित्राकडे पाठवलं, खालच्या मजल्यावर सांगून ठेवलं की पंधरा मिनिटं काही बोलायचं नाही. कल्पिताला म्हटलं, "तू हात करू नकोस. संचिता ताल देईल. तू फक्त बस आणि ऐक."

ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली. मांडीवर वही, हातात पेन्सिल. आम्ही सुरुवात केली. पाणी आलं, थांबलं, मीठ धरलं. तिसऱ्या भागात तिने डोळे मिटले. चौथा सुरू झाला. वरचा आवाज गळला, मग मधला, एकेक करून. शेवटी आम्ही सात जणी त्या एका सुरावर उरलो. आणि वाट लागली! तो सूर एवढा लांब की मधे श्वास घ्यायला जागाच नाही; गटाच्या तालमीत आम्ही तो अर्ध्यावरच सोडायचो, म्हणून कधी कळलंच नव्हतं. रसिका सुटली, तिच्या मागे मी सुटले, एक खोकायला लागली. शेवटी जे काही निघालं ते गाणं नव्हतंच. प्रेशर कुकरची वाफ सुटते ना, तसा आवाज.

मी घामाघूम. कल्पिता वहीत बघत होती, आणि अचानक हसायलाच लागली.

"माझंच चुकलंय हो. श्वास ठेवलाच नाही मी तुम्हाला. मी एकटी गाऊन बघायचे ना, एकटीला पुरायचा." मग पेन्सिलने खोडता खोडता म्हणाली, "बरं झालं काकू, हॉलमध्ये हे नाही झालं. इज्जत गेली असती."

झालं. चार दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं माझं.

"बरं झालं? काही बरं झालं नाही!" मी ओरडलेच. "कोणाकोणाच्या भिकार चाली आपण जन्मभर ऐकल्या, भोंग्यावरून, मांडवातून, पाठ होईपर्यंत! त्यांना कुणी म्हटलं का, फक्त झलक दाखवा? तुझं बिघडलं असतं तर बिघडलं असतं! तिथे बिघडलं असतं, लोकांसमोर, तर तुला त्याच दिवशी कळलं असतं. तेवढाही हक्क नाही का तुला?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. हसू गेलं होतं तिचं. "आहे," ती म्हणाली. "मला पण तेच वाटत होतं. बोलले नाही." आणि मग, पहिल्यांदाच, तिचे डोळे भरले. संचिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही त्या दिवशी 'मिठागर' आणखी दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा शेवट कोसळला, आणि ती दोन्ही वेळा लिहीत राहिली.

दोन आठवड्यांनी नवा शेवट आला. आता आम्ही सात जणी तो सूर एकमेकींच्या हातात देतो, एक श्वास घेते तेव्हा दुसरी धरून ठेवते. चांगला झालाय का? मला आवडतो. पण माझं सोडा, मी तिची झाले आहे. कदाचित हॉलमध्ये पुन्हा काहीतरी निसटेल. हॉलचं कोण सांगतं?

कल्याणला पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. आम्ही एकोणीस जणींनी सुदेश सरांना लेखी कळवलं: 'मिठागर' पहिलं, चारही भाग, दीपप्रज्वलनाच्याही आधी. सत्कार त्यानंतर, वेळ उरला तर. नाहीतर आम्ही उभ्या राहणार नाही. कमळाबाईंना मी स्वतः फोन करून सांगितलं की दहाच्या आत पोचा, उशीर करू नका.

काल सुदेश सरांचा फोन आला. एकोणीस गेल्या तर सातात वृंद होत नाही हे त्यांनाही कळतं, त्यामुळे आवाज मऊ. "नीलाताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण जरा विचार करा. नवीन गाणं, लोकांच्या ओळखीचं नाही, शेवट तुमच्या घरीसुद्धा तीनदा फसला म्हणे. सुरुवातीलाच ते वाईट झालं तर?"

"तर वाईट होईल, सर," मी म्हटलं. "पण अख्खं होईल."

आणि फोन ठेवला.